एका सूचनापत्रकाचे रसग्रहण

समीक्षा कशाची करावी याबद्दल आपल्याकडे काही संकेत आहेत. कादंबरीची करतात, नाटकाची करतात आणि लग्नाची पंगत उठल्यावर हात धुता धुता मठ्ठ्याचीही करतात. पण ज्या वाङ्मयप्रकाराने तुमच्या-माझ्या आयुष्याचा सगळ्यात मोठा भाग व्यापला आहे, त्या सूचनापत्रकाकडे एकाही टीकाकाराने ढुंकून पाहिलेले नाही. सोसायटीच्या जिन्यातल्या पाण्याच्या वेळा, लॉकरचे नियम, शाळेचे 'पालकांस नम्र विनंती'... केवढे हे साहित्य! मी बँकेत तेहेतीस वर्षं परिपत्रकं वाचली. कवितेतलं मला काही कळत नाही. पण कुठल्या कलमाखाली कुणाचं दुखणं पुरलेलं आहे, ते मी वासावरून सांगतो. तेवढ्या अधिकारावर हे रसग्रहण.

प्रस्तुत कृती दोन पानी असून इंग्रजीत आहे. न्यू जर्सीत लेकीच्या घरी, फ्रीजच्या दारावर, अष्टविनायकाच्या लोहचुंबकाखाली ती मला सापडली. अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आईबापांना वाचायला दोनच गोष्टी मिळतात : फ्रीजचं दार आणि खोकल्याच्या औषधाची बाटली. बाटली मी पहिल्या आठवड्यातच संपवली. म्हणजे वाचून. नात तिथल्या हायस्कुलात सॉफ्टबॉल खेळते, आणि हंगामाच्या सुरुवातीला शाळेने संघातल्या मुलींच्या आईबापांना हे पत्रक दिलं होतं. विषय : पालकांनी कोचशी कसं बोलावं. खरं म्हणजे कसं बोलू नये. खाली आईबापांच्या सह्या. अशी पत्रकं त्या देशात शाळोशाळी निघतात आणि मजकूर थोड्याफार फरकाने तोच असतो. आपल्या सत्यनारायणाच्या पोथीसारखा.

कृती समजायला आधी खेळ समजायला हवा. सॉफ्टबॉल १८८७ साली शिकागोतल्या एका बोट क्लबात जन्मला, आणि तोही चेंडूने नव्हे, बॉक्सिंगच्या हातमोज्याने. येल-हार्वर्डच्या फुटबॉल सामन्याचा निकाल ऐकायला मंडळी जमली होती. कुणीतरी मोजा फेकला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला आणि जॉर्ज हॅन्कॉक नावाच्या गृहस्थांनी त्याचा खेळ केला, असं सांगतात. म्हणजे मुळात हा निकालाची वाट बघणाऱ्या रिकामटेकड्यांनी काढलेला खेळ. बाहेर बसलेल्यांना तो आजही आपलाच वाटतो, यात नवल नाही.

'सॉफ्ट' हे नाव फसवं आहे. बारा इंच घेराचा पिवळाजर्द चेंडू, त्रेचाळीस फुटांवरून, हात चक्रासारखा फिरवून खालून सोडतात. नडगीवर बसला की त्याचा मऊपणा कळतो. सात इनिंग आणि मैदानात नऊ मुली. १९७२ साली तिकडे कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही. 'टायटल नाइन' म्हणतात त्याला. त्यातून शाळाशाळांतल्या मुलींना मैदानं मिळाली. फार मोठी गोष्ट झाली. पण त्या कायद्यालाही मैदानातल्या नवाच्या सोळा जागा करता आल्या नाहीत. नातीच्या संघात पोरी सोळा. सोळातून नऊ गेल्या, राहिल्या सात. आणि या सातांच्या मागे चौदा आईबाप. सगळं पत्रक या एका वजाबाकीतून जन्मलेलं आहे.

त्यात रिकाम्या हाताने कुणी आलेलं नसतं. मुलगी आठ वर्षांची असल्यापासून खाजगी क्लब, चेंडू फेकायच्या वेगळ्या शिकवण्या, शनिवार-रविवार परगावच्या स्पर्धा, तिथलं मोटेल, दरवर्षी नवी बॅट. वर, पुढे कॉलेजात शिष्यवृत्ती मिळेल ही आशा. एवढं घातल्यावर मुलगी बाकावर बसलेली दिसली, की बापाला तिथे मुलगी दिसत नाही; बुडालेली मुदतठेव दिसते. आणि समोर कोचबाई. त्या दिवसभर इतिहास शिकवतात, तीन वाजता मैदानात येऊन दंताळ्याने माती सारखी करतात, चुन्याच्या रेघा स्वतः मारतात. याबद्दल वेगळं मानधन मिळतं. पण त्याला तासांनी भागलं तर आपला पेपर तपासणारा मास्तरही हळहळेल.

आता संहितेकडे वळू. आरंभी मंगलाचरण आहे : आपण सगळे एक कुटुंब आहोत. ही ओळ दिसली की जाणकाराने सावरून बसावं. कुटुंब म्हटलं की वाटण्या आल्याच.

त्या दुसऱ्या परिच्छेदात येतात. कोचशी कशाबद्दल बोलता येईल? आपल्या मुलीला मिळणारी वागणूक, तिच्या खेळात सुधारणा कशी होईल, तिच्या वागण्यातला काही बदल. कशाबद्दल बोलता येणार नाही? तिला किती वेळ खेळवलं, सामन्यातले डावपेच आणि दुसऱ्यांच्या मुली. म्हणजे लग्नाला जरूर या, पण जेवण, मानपान आणि नवरीमुलगी या तीन विषयांवर बोलू नका! मग पाहुण्याने बोलावं कशाबद्दल? मांडवाच्या दोऱ्यांबद्दल?

परंतु बंधनातूनच कला फुलते. निषिद्ध विषय विहित विषयाच्या पोटात घालून बोलायची तिथल्या पालकांनी अशी शैली कमावली आहे, की आपल्या अलंकारशास्त्र्यांनी पगड्या उतरवाव्यात. "तिच्यात काय सुधारणा हवी?" याचा वाच्यार्थ तोच, व्यंग्यार्थ, 'त्या दुसरीपेक्षा आमची कुठे कमी आहे?' आणि "हल्ली ती घरी फार गप्प असते" याचा व्यंग्यार्थ तर मला छापील मजकुरात देता येणार नाही.

तिसरं कलम चोवीस तासांचं. सामना संपल्यापासून चोवीस तास कोचशी एक शब्द बोलायचा नाही. हेतू असा, की राग शांत व्हावा. कलम लिहिणाऱ्याला राग या पदार्थाची माहिती नसावी. राग चहासारखा निवत नाही. इडलीच्या पिठासारखा रात्रभरात फुगून पातेल्याबाहेर येतो. आमच्या घरचंच पाहा. नात सलग पाच सामने बाकावर होती. पाचव्याच्या रात्री लेकीने कोचबाईंना मेल लिहायला घेतली. नऊ वाजता चार ओळी होत्या. अकराला दीड पान झालं, आणि त्यात नातीला तिसरीत मिळालेला चषक आला. मध्यरात्री कोचबाईंच्या न्यायबुद्धीला एक उपमा दिली गेली. उपमा खरोखर चांगली होती. मी दाद दिली. जावई म्हणाले, "झोपा आता दोघंही."

सकाळी ऑफिसला निघताना लेकीने उपमा काढली. दुपारी चषक काढला. आणि चोवीस तास भरले तेव्हा 'भेटीची वेळ मिळेल का?' एवढी एकच ओळ शिल्लक होती. तेव्हा या कलमाने राग जात नसला, तरी मजकूर उत्तम जातो. असा संपादक मिळाला असता तर आपल्या कित्येक दिवाळी अंकांचं कल्याण झालं असतं.

तीही एक ओळ गेली नाही, कारण चौथं कलम आडवं आलं. तक्रारीच्या पायऱ्या त्यात दिल्या आहेत. आधी मुलीने स्वतः कोचशी बोलायचं, मग पालकांनी वेळ मागून, मग शाळेचे क्रीडासंचालक, मग मुख्याध्यापक, त्यापुढे शिक्षण मंडळ. तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंतची ही वाट आपल्याला नवी नाही. काही पालक तिथेही न थांबता कोर्टात जातात, आणि कोर्टं त्यांना बहुधा हेच सांगत आली आहेत, की शाळेच्या संघात खेळायला मिळणं हा काही घटनेने दिलेला हक्क नव्हे.

या कलमातली पहिली पायरी मला सबंध कृतीतली सर्वांत सुंदर ओळ वाटते. मला शाळेत घालताना वडील मास्तरांना म्हणाले होते, "हाडं आमची, चामडं तुमचं." ज्याची हाडं आणि ज्याचं चामडं, तो मी तिथेच उभा होतो, पण मला कुणी काही विचारलं नाही. इथे पंधरा वर्षांच्या पोरीला सांगतात, आधी तू बोल. नातही आईला तेच म्हणाली, "तू मेल पाठवलीस तर मी टीम सोडीन. मी विचारते."

दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर ती विचारायला गेली. लेक आणि मी पार्किंगमध्ये गाडीत बसून. अठरा मिनिटं लागली. लेकीने स्टिअरिंग असं आवळलं होतं, की गाडी बंद आहे याची तिला आठवण करून द्यावीशी वाटली. नात आली, पट्टा लावला आणि म्हणाली, "वर येणाऱ्या बॉलला मी उगीच बॅट घालते. आणि बंट शिकायला सांगितलंय." बंट म्हणजे चेंडू टोलवायचा नाही, बॅटने नुसता अडवून पायाशी टाकायचा, बहुधा आपण बाद होतो, पण आपली पुढची मुलगी एक घर पुढे सरकते.

"एवढंच?" लेकीने विचारलं.

"एवढंच."

दीड पानांच्या मेलने जे उत्तर आणलं नसतं, ते तिने एका प्रश्नात आणलं. जागा मिळाली नव्हती. पण आपण बाकावर का, हे कळून बसणं निराळं आणि न कळता बसणं निराळं. माझ्या बढतीच्या बाबतीत तेहेतीस वर्षांत मला हे कुणी कळू दिलं नाही.

इथवर कृती उत्तम. दोष आहे तो एकाच कलमात : दुसऱ्यांच्या मुलींबद्दल बोलायचं नाही. त्यामागचा हेतू समजतो. मत्सराला दार बंद. पण ते दार बंद केलं की आणखीही काही बाहेर राहतं.

एप्रिलातल्या एका सामन्यात तिसऱ्या बेसवरच्या मुलीच्या नडगीवर चेंडू बसला. पुढच्या इनिंगला ती चक्क लंगडत होती. कोचबाईंनी लांबूनच विचारलं, "बरी आहेस ना?" तिने मान हलवली. पंधराव्या वर्षी अशा वेळी नाही कोण म्हणेल? नाही म्हटलं की जागा जाते. तिचे आईवडील आले नव्हते. दोघांच्याही कामाच्या पाळ्या. बाकी चाळीसएक माणसं ब्लँकेटं पांघरून बसलेली. एका स्ट्राइकसाठी जी माणसं अंपायरच्या नावाने घसे फोडत होती, ती आता सूर्यफुलाच्या बिया चावत गप्प. मी म्हटलं, "अगं, त्या पोरीला कुणी बाहेर का नाही बोलावत?" लेक कुजबुजली, "बाबा, हळू. दुसऱ्याच्या मुलीबद्दल बोलायचं नसतं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आणि ती बाहेर आली तर आत कोण जाणार? आपलीच."

खरी मेख ही होती. डोक्याच्या दुखापतीसाठी तिकडे कायदे आहेत. वॉशिंग्टन राज्याने २००९ साली पहिला केला, २०१४ पर्यंत पन्नासही राज्यांत झाले. नुसती शंका आली तरी मुलाला मैदानाबाहेर काढायचं आणि वैद्यकीय परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही. नडगीला असं संरक्षण नाही. नडगीसाठी माणसंच लागतात, आणि माणसं सह्या करून बसली होती.

घरी आल्यावर लेकीने नातीला विचारलं, "मी त्या मुलीबद्दल लिहिलं तर सगळ्यांना वाटेल, तुझ्या जागेसाठी लिहिलं."

"लिही," नात म्हणाली. "ती बूट काढताना रडत होती."

ही मेल चोवीस तास थांबली नाही. तीन वाक्यांची होती, आणि उपमा एकही नव्हती. कोचबाईंचं उत्तर आलं, की एका मुलीबद्दल दुसरीच्या पालकांशी त्या चर्चा करत नाहीत. कलमाला धरून अगदी बरोबर. पण दुसऱ्याच दिवशी त्या पोरीला शाळेच्या दुखापती पाहणाऱ्या ट्रेनरकडे पाठवलं आणि दहा दिवस विश्रांती मिळाली. तिच्या जागी कोचबाईंनी भलतीच मुलगी उभी केली. हा राग की डावपेच, हे विचारायची सोय नव्हती. दोन्हीकडून निषिद्ध विषयच येत होता. मे महिन्यात एकदा सहाव्या इनिंगला नातीला बोलावलं. तिने बंट केला, बाद झाली, पुढची पोरगी पुढे सरकली. आणि बाद होऊन परत येणाऱ्या मुलीला सबंध संघाने टाळ्या दिल्या. हे मला नवीन होतं.

एकंदरीत कृती वाचनीय आहे. पुढच्या आवृत्तीत एक दुरुस्ती मात्र व्हावी. दुसऱ्याच्या मुलीला किती खेळवलं याबद्दल बोलू नये, हे राहू द्यावं. पण तिला लागलं असेल, तिचा अपमान होत असेल, तर ज्याला दिसेल त्याने त्याच क्षणी बोलावं, चोवीस तास थांबू नये, असं तिथेच ठळक अक्षरात घालावं. कागद बरा आहे, छपाई स्वच्छ आहे. किंमत दिलेली नाही. फक्त सही मागितली आहे. तेव्हा सही करण्यापूर्वी दोन्ही पानं वाचावीत, ही वाचकांस विनंती. लॉकरचा फॉर्म वाचून सही करणारा माणूस मी तेहेतीस वर्षांत एकही पाहिलेला नाही.