पवळाबाईंचा वाटा

संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावशाच्या पवळाबाई बोर्डावर उभ्या राहिल्या, तेव्हा तमाशात बायकांची सोंगे नाच्ये पोरे काढीत आणि शिष्टांच्या संगीत नाटकांत नेसत्या लुगड्यांचे पुरुष! 1933 सालच्या ‘आंधळ्यांची शाळा’तील स्त्री-नटींचे आपण अजून कौतुक करतो, अस्पृश्य मानलेल्या घरातली ही बाई त्याच्या कितीतरी आधी वगात उभी होती. पठ्ठे बापूरावांच्या लावण्या छापून उरल्या. पण लावणी कागदावर निम्मीच असते. वर्गात कविता शिकवताना मी हे रोज पाहतो: ओळ तीच, म्हणणारे तोंड बदलले की अर्थ बदलतो. आमचे टीकाकार मात्र पवळाबाईंच्या रूपावर आणि बापूरावांच्या जातीबाहेरच्या प्रेमावर पाने भरतात. अभिनयावर चार ओळीही नाहीत. 1939 साली त्या गेल्या. शाहिरीचा मान बापूरावांकडे राहिला, पवळाबाईंच्या वाट्याला आख्यायिका आल्या.