चाहत्याच्या खर्चाचा हिशेब : ग्रेटफुल डेडच्या निमित्ताने

आवडत्या रॉक बँडच्या मागे फिरणाऱ्या चाहत्याने त्यापायी किती पैसे घालवले, हा प्रश्न घरातली माणसे काळजीने विचारतात आणि व्यापारी उत्साहाने. उत्तर मात्र दोघांनाही आकड्यातच हवे असते. सप्टेंबर २०२४मध्ये कोल्डप्लेच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची तिकिटे निघाली, तेव्हा आपल्याकडेही हा प्रश्न बराच चघळला गेला. तिकिटे २,५००पासून ३५,००० रुपयांपर्यंत होती आणि काळ्या बाजारात त्यांना लाखांचे भाव सांगितले जात होते. ‘गाणी ऐकायला एवढे पैसे?’ या उद्गारापाशी बहुतेक चर्चा थांबली. माझ्या मते, खर्चाचा आकडा फार थोडे सांगतो. पैसा कोणाकडून कोणाकडे गेला आणि त्यातून काय उभे राहिले, हे पाहिल्याशिवाय चाहत्याला वेडा किंवा गिऱ्हाईक ठरवणे घाईचे होईल.

यासाठी मी अमेरिकेतील ग्रेटफुल डेड या बँडचे उदाहरण घेतो. १९६५मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या या बँडने, गिटारवादक जेरी गार्सिया ऑगस्ट १९९५मध्ये वारला तोपर्यंत, सुमारे २,३०० कार्यक्रम केले. त्यांचे सलग दोन कार्यक्रम सारखे नसत. गाणी रोज बदलत, आणि तेच गाणे एखाद्या रात्री दुप्पट लांबत जाई. एकाच गायकाचा यमन दहा वेळा ऐकणाऱ्या आपल्याकडच्या रसिकाला यातली ओढ समजावून सांगावी लागणार नाही. ‘डेडहेड्स’ म्हणून ओळखले जाणारे चाहते गावोगाव बँडच्या मागे जात, ते ही ‘आजची’ मैफल चुकू नये म्हणून.

त्यांचा खर्च कसा भागे, हे पाहण्यासारखे आहे. सभागृहाबाहेर गाड्या लावण्याच्या जागेत चाहत्यांचा बाजार भरे. बँडच्या १९७८च्या अल्बमवरून त्याला ‘शेकडाउन स्ट्रीट’ हे नाव पडले. कोणी चीज भाजलेले सँडविच विकी, कोणी रंगात बांधून बुडवलेले टी-शर्ट, कोणी मण्यांच्या माळा. त्यावर पुढच्या गावाचे पेट्रोल आणि तिकीट निघे. खिसा रिकामा असलेला चाहता एक बोट वर करून उभा राही, आणि कोणी ना कोणी त्याला जादाचे तिकीट फुकट देई. या पैशाचा मोठा भाग बँडकडे जातच नव्हता. तो चाहत्यांतच फिरत राही.

संगीताचीही तीच गोष्ट. कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायला बँडने कधी फारशी आडकाठी केली नाही, आणि १९८४मध्ये तर मुद्रण करणाऱ्यांसाठी वेगळी जागा राखली. या कॅसेटी विकायच्या नाहीत, एवढाच दंडक होता. नव्या माणसाने कोऱ्या कॅसेटी आणि परतीचा टपालखर्च पाठवायचा. जुना माणूस रात्र जागून प्रत काढून देणार. हा व्यवहार कोणत्याच वहीत चढला नाही.

२०१०मध्ये डेव्हिड मीरमन स्कॉट आणि ब्रायन हॅलिगन यांचे ‘मार्केटिंग लेसन्स फ्रॉम द ग्रेटफुल डेड’ हे पुस्तक आले. माल फुकट वाटा म्हणजे गिऱ्हाईक आपोआप जमेल, असा धडा त्यांनी या इतिहासातून काढला. निरीक्षण खोटे नाही, पण ते दुकानाच्या गल्ल्यावर बसून केलेले आहे. सँडविच विकणारी मुलगी आणि कॅसेटची प्रत काढणारा माणूस या हिशेबात फक्त जाहिरातीचे साधन ठरतात. प्रत्यक्षात त्यांनीच तो मेळा उभा केला होता.

गार्सियाच्या मृत्यूनंतर खर्चाची दिशा बदलली. २०११मध्ये १९७२च्या युरोप दौऱ्यातील २२ कार्यक्रमांचा ७३ सीडींचा संच निघाला. प्रती ७,२००, किंमत ४५० डॉलर. चार दिवसांच्या आत सारा संच खपला. म्हणजे ३२ लाख डॉलरांहून अधिक उलाढाल. याच्याशेजारी मी एक ढोबळ हिशेब मांडून पाहिला. १९९०च्या सुमारास तिकीट वीस-पंचवीस डॉलरांचे होते. तीन आठवड्यांत १५ कार्यक्रम ऐकणाऱ्याचा तिकिटांवरचा खर्च साडेतीनशे डॉलरांच्या आसपास येतो. वीस वर्षांची महागाई धरली तर तो त्या संचाच्या किमतीहून थोडा अधिकच भरेल. फार मोठा फरक पडत नाही. पण पहिल्या खर्चात प्रवास, ओळखीपाळखी आणि उपासमारही आली. दुसऱ्यात घरपोच खोके आले. संच घेणाऱ्याला मी नावे ठेवत नाही, त्यातले संगीत अस्सल आहे. पण आकडे जवळपासचे असूनही त्यांतून उभे राहिलेले जग एक नव्हे.

चाहत्यांना हा फरक कळत होता. नोव्हेंबर २००५मध्ये ‘इंटरनेट अर्काइव्ह’वरून या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे फुकट उतरवून घेण्याची सोय बंद झाली, तेव्हा त्यांनी बँडचा माल विकत न घेण्याची धमकी दिली. थोड्याच दिवसांत श्रोत्यांनी केलेली मुद्रणे पुन्हा खुली झाली. बँडच्या ध्वनियंत्रणेवरून घेतलेली मात्र केवळ ऐकण्यापुरती राहिली. वर्षानुवर्षे केलेला खर्च म्हणजे आपला हक्क, असे त्यांनी धरले होते.

या मेळ्याला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. १९८७मध्ये बँडचे एक गाणे लोकप्रियतेच्या यादीत वर गेले आणि गर्दी आवरेना. जुलै १९९५मध्ये इंडियानातील डियर क्रीक येथे तिकीट नसलेल्यांनी कुंपण पाडले आणि दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द करावा लागला. त्याच बाजारात एलएसडीही विकले जाई. त्याची शिक्षा ठरवताना, ज्या कागदावर ते शोषलेले असे त्या कागदाचेही वजन धरायचे, असा निवाडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये दिला. त्यामुळे तरुण पोरांच्या वाट्याला पाच-पाच, दहा-दहा वर्षांचा तुरुंगवास आला. चाहत्यांच्या खर्चात ही वर्षेही धरायला हवीत, आणि ती डॉलरांत मोजता येत नाहीत.

म्हणून आपल्याकडच्या चाहत्यांचा अभ्यास करणाऱ्याने तिकिटाच्या किमतीवर अडकू नये, असे मला वाटते. त्याने मैदानाबाहेर जावे. तिथे कोण काय विकते, तिकीट नसलेल्याला कोणी आत घेते का, आणि कार्यक्रम संपल्यावर ती माणसे एकमेकांना पत्ता देतात का, हे विचारावे. काळ्या बाजारात गेलेले लाख रुपये या तिन्ही ठिकाणी कुठेच सापडणार नाहीत. आपला खरा तोटा तिथे मोजावा लागेल.