मिशनरींची पत्रे : साधन आणि मर्यादा

गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस आले. त्यांच्या मिशनची पत्रे हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. अमेरिकन धर्मेतिहासाचे साधन म्हणून त्यांचे मोल निर्विवाद होय. तथापि मराठीच्या अभ्यासकाने ती सावधपणे वाचावीत. बॉस्टनच्या चालक मंडळासाठी ती इंग्रजीत लिहिलेली असल्याने मराठी माणूस त्यांत दुसऱ्याच्या शब्दांत बोलतो. १८४२ साली निघालेल्या 'ज्ञानोदया'तील मराठीशी ती ताडून पाहणे अवश्य आहे. शिवाय मिशनची मुख्य केंद्रे मुंबई व अहमदनगर. नांदेड-लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात. या पत्रांत आपल्या गावांचा उल्लेख न आढळल्यास तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. अनुल्लेख हा अभावाचा पुरावा नव्हे.