प्राणायाम आणि प्राणवायू : प्रातःकालीन श्वसनसाधनेच्या प्रचाराची चिकित्सा

प्रस्तावना

कोल्हापूरच्या पहाटेशी श्वासाच्या तीन जुन्या परंपरा निगडित आहेत. पंचगंगेच्या घाटावरील स्नानसंध्येत प्राणायाम हा विधीचा एक भाग असे. तालमीच्या तांबड्या मातीत जोर-बैठका काढणाऱ्या मल्लाचा 'दम' वस्ताद पहाटेच पारखीत असे. राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारातील गायक अल्लादियाखाँ (१८५५-१९४६) यांच्यामुळे या नगरीत रुजलेल्या जयपूर-अत्रौली गायकीत 'दमसास' हा रियाजाचा कणा मानला गेला. या तिन्ही ठिकाणी श्वास हे साधन होते. साध्य वेगळे होते : कुठे उपासना, कुठे कुस्ती, कुठे गायन.

आज रंकाळ्याच्या काठावर, उद्यानांत आणि महाविद्यालयांच्या प्रांगणांत जो प्रातःकालीन प्राणायाम दिसतो, त्याचे स्वरूप निराळे आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून स्वीकारला आणि २०१५ पासून तो महाविद्यालयांतही साजरा होऊ लागला. त्या निमित्ताने प्राणायामाचे समर्थन करताना एक विधान हमखास केले जाते : प्राणायामाने शरीराला अधिक प्राणवायू मिळतो. प्रस्तुत लेखात या विधानाची चिकित्सा स्वामी कुवलयानंद यांच्या लेखनाच्या आधारे केली आहे. प्राणायाम करावा की करू नये, हा येथील प्रश्न नाही. तो कोणत्या कारणासाठी करावा आणि ते कारण विद्यार्थ्यांना कसे सांगावे, हा प्रश्न आहे.

शब्दामुळे झालेला घोटाळा

या विधानाला मराठीत जी सहज मान्यता मिळते, तिचे एक कारण भाषेत आहे. आधुनिक रसायनशास्त्रातील 'ऑक्सिजन' या वायूला मराठीने 'प्राणवायू' हे नाव दिले. नाव अर्थवाही असल्याने ते रूढ झाले. परंतु योगशास्त्रातील 'प्राण' हा वायूचा रासायनिक प्रकार नव्हे. प्राण, अपान, व्यान, उदान आणि समान या पाच वायूंची कल्पना शरीरातील क्रियाशक्तींविषयीची आहे. 'प्राणायाम' या शब्दातील 'आयाम' म्हणजे नियमन, विस्तार. पतंजलीच्या योगसूत्रांत श्वास आणि प्रश्वास यांच्या गतीचा विच्छेद असे प्राणायामाचे स्वरूप सांगितले आहे. तेथे भर श्वास वाढविण्यावर नाही, तो थांबविण्यावर आहे.

मराठी श्रोत्याच्या मनात मात्र दोन शब्दांतील साम्यामुळे एक समीकरण तयार होते : प्राणायाम म्हणजे प्राणवायूचा पुरवठा. हे समीकरण पुराव्याने सिद्ध झालेले नाही. ते केवळ नामसादृश्याने पटते. इंग्रजीतही हा दावा केला जातो. परंतु मराठीत त्याला शब्दाचेच पाठबळ मिळते, म्हणून तो अधिक सावधपणे तपासला पाहिजे.

शरीरशास्त्राची साक्ष

निरोगी मनुष्य विश्रांतीच्या अवस्थेत मिनिटाला सुमारे १२ ते १६ वेळा श्वास घेतो आणि प्रत्येक श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत घेतो. एवढ्या साध्या श्वसनातही त्याच्या रोहिणीतील रक्ताचे हिमोग्लोबिन ९५ टक्क्यांहून अधिक प्रमाणात ऑक्सिजनने संपृक्त असते. भांडे काठोकाठ भरलेले असताना त्यात आणखी ओतण्यास फारसा वाव उरत नाही. जलद व खोल श्वसनाने रक्तातील ऑक्सिजन नाममात्रच वाढतो. लक्षणीय घट होते ती कार्बन डायऑक्साइडची. ही घट झाली की मेंदूतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. कपालभाती किंवा भस्त्रिका अतिवेगाने करणाऱ्या नवख्या साधकाला भोवळ येते किंवा बोटांना मुंग्या येतात, त्याचे कारण बहुधा हेच असते. प्राणवायू भरपूर मिळाल्याची खूण म्हणून जी हलकी धुंदी सांगितली जाते, ती पुष्कळदा मेंदूचा रक्तपुरवठा कमी झाल्याची खूण असू शकते.

कुवलयानंदांचे लेखन

हा विचार पाश्चात्त्य शरीरशास्त्राने योगावर लादलेला आहे, असा आक्षेप घेतला जाण्याची शक्यता आहे. म्हणूनच कुवलयानंदांचे लेखन महत्त्वाचे ठरते. जगन्नाथ गणेश गुणे (१८८३-१९६६) हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. बडोद्याला राजरत्न माणिकरावांकडे त्यांनी व्यायामविद्या घेतली आणि नर्मदाकाठच्या मालसर येथे माधवदासजींकडे योगाचे शिक्षण घेतले. अमळनेर येथे ते शिक्षणकार्यात होते. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली या क्रियांचा क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांनी केलेला अभ्यास त्यात प्रसिद्ध झाला. श्रद्धा आणि प्रयोगशाळा या दोहोंशी इमान राखणारा हा लेखक होता.

त्यांच्या 'प्राणायाम' या इंग्रजी ग्रंथातील भूमिका आजच्या प्रचारकाला अनपेक्षित वाटेल. प्राणायामाचे मूल्य अधिक ऑक्सिजन मिळण्यात आहे, हा समज त्यांनी नाकारला. प्राचीनांनी या साधनेला जे महत्त्व दिले, ते मज्जासंस्थेवरील परिणामांमुळे, असे त्यांचे प्रतिपादन होते. श्वास संथ करणे, रोखणे आणि सोडणे यांमुळे शरीरांतर्गत दाबांत जे बदल घडतात, त्यांकडे त्यांनी लक्ष वेधले. दुसरी उल्लेखनीय गोष्ट 'योगमीमांसे'च्या रचनेत आहे. शास्त्रीय, अर्धशास्त्रीय आणि लोकप्रिय असे तिचे विभाग वेगळे ठेवलेले असत. मोजून पाहिलेले काय, अनुमानाने सांगितलेले काय आणि सर्वसामान्यांच्या उपयोगाचे काय, हे वाचकाला विभागावरूनच कळावे, ही त्यामागील शिस्त होती. आजच्या प्रचारात नेमकी हीच विभागणी पुसली गेली आहे.

मर्यादा आणि मतभेद

तथापि कुवलयानंदांचे लेखन प्रमाण मानून थांबणे त्यांच्याच वृत्तीशी विसंगत ठरेल. त्यांचे प्रारंभीचे प्रयोग मोजक्या व्यक्तींवर झाले. आजच्या अर्थाने नियंत्रित गटाची तुलना त्यांत नव्हती. मज्जासंस्थेविषयीचे त्यांचे स्पष्टीकरणही पुष्कळ अंशी अनुमानावर उभे होते.

त्यांच्या आश्रमात १९३२ च्या सुमारास येऊन योगाभ्यास केलेले के. टी. बेहानन यांनी येल विद्यापीठातील आपल्या संशोधनावर आधारित ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. प्राणायामाच्या काळात शरीराचा ऑक्सिजनवापर वाढल्याचे त्यांना आढळले. वरवर पाहता हे निरीक्षण प्रचारकांच्या बाजूचे वाटते. परंतु वापर वाढणे आणि पुरवठ्याचा साठा वाढणे या भिन्न गोष्टी आहेत. श्वसनाचे स्नायू अधिक राबले, तर त्यांना लागणारा ऑक्सिजनही वाढणारच. बेहानन यांचे दुसरे निरीक्षण शिक्षकांच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. प्राणायामानंतर लगेच घेतलेल्या काही मानसिक चाचण्यांत त्यांना गती मंदावलेली दिसली. पहाटेच्या प्राणायामाने त्या दिवसाच्या परीक्षेत बुद्धी तल्लख चालेल, असे आश्वासन विद्यार्थ्यांना देणाऱ्याने हे निरीक्षण विचारात घेणे आवश्यक आहे.

दुसऱ्या बाजूला, संथ श्वसनाच्या उपयुक्ततेला नंतर काही आधार मिळाला आहे. २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये बर्नार्डी व सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २३ निरोगी प्रौढांवरील त्या अभ्यासात जपमाळेवरील ख्रिस्ती प्रार्थना आणि योगमंत्र या दोहोंच्या पठणाने श्वसनाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली आणि हृदयगतीच्या नियमनाला अनुकूल परिणाम दिसला. येथेही लाभ झाला तो श्वास मंदावल्याने. तो कोणत्या धर्माच्या शब्दांनी मंदावला, यावर लाभ अवलंबून नव्हता.

अधिकाराचा प्रश्न

या शेवटच्या मुद्द्याला कोल्हापुरात विशेष अर्थ आहे. १८९९ मध्ये पंचगंगेवरील स्नानाच्या प्रसंगी राजपुरोहिताने शाहू महाराजांसाठी वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले आणि त्यातून वेदोक्त प्रकरण उभे राहिले. संध्येतील प्राणायाम गायत्री मंत्राशी आणि उपनयनाच्या अधिकाराशी बांधलेला होता. म्हणजे पहाटेच्या श्वासालाही जातीची वेस होती. हठयोगाच्या ग्रंथांनी मात्र वेगळी वाट धरली होती. तरुण, वृद्ध, रोगी, दुर्बल असा कोणीही अभ्यासाने सिद्धी मिळवू शकतो, असे 'हठयोगप्रदीपिका' सांगते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी सूर्यनमस्कार शाळांपर्यंत नेले, पण मंत्रांसह. कुवलयानंदांनी श्वसनाचा विचार प्रयोगशाळेच्या भाषेत मांडला आणि त्यामुळे तो कोणालाही तपासता येईल असा झाला. प्राणायाम सर्वांचा होण्यात या तपासणीयोग्यतेचा वाटा मोठा आहे. म्हणून अशास्त्रीय दावे केवळ विज्ञानाचे नुकसान करीत नाहीत. तपासण्याऐवजी मानण्याची सवय ते पुन्हा रूढ करतात, आणि ज्या व्यवस्थेत एकाने सांगायचे व इतरांनी मुकाट ऐकायचे, तिच्याकडे परत नेतात.

समारोप

'हठयोगप्रदीपिके'ने युक्तीने केलेला प्राणायाम रोग नाहीसे करतो आणि अयोग्य अभ्यास रोग उत्पन्न करतो, असा इशारा दिलेला आहे. बी. के. एस. अय्यंगार यांनीही आसनांचा पाया पक्का झाल्यावाचून प्राणायामाची घाई करू नये, अशी भूमिका घेतली. तालमीत वस्ताद आणि रियाजात गुरू जे काम करीत, तेच हे : समोरच्याचा दम ओळखून मात्रा ठरविणे. शेकडो विद्यार्थ्यांना एकाच वेळी, एकाच गतीने कपालभाती करावयास लावणाऱ्या कार्यक्रमात ही पारख संभवत नाही. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा अपस्मार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी वेगवान श्वसनक्रिया व दीर्घ कुंभक टाळावेत, एवढी साधी सूचनाही अनेकदा दिली जात नाही.

महाविद्यालयांनी प्रातःकालीन प्राणायाम सोडून द्यावा, असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. दहा मिनिटांचे संथ, सहज आणि बळजबरी नसलेले श्वसन दिनक्रमात असणे हितावह आहे. परंतु ते शिकविताना 'प्राणवायू वाढतो' हे वाक्य वगळले पाहिजे आणि त्या जागी विद्यार्थ्यांच्या हाती घड्याळ दिले पाहिजे. सरावापूर्वीची आणि नंतरची नाडी व श्वसनगती त्यांनी स्वतः मोजावी, नोंदवावी आणि महिन्याच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहाव्यात. परिणाम दिसला तर सांगावा, न दिसला तर तेही सांगावे. कुवलयानंदांच्या परंपरेचे खरे अनुसरण या नोंदवहीत आहे.