फोटोमाँटाजमधील सांधा : कसारा परिसरावरील विद्यार्थी-प्रकल्पाच्या आखणीच्या निमित्ताने

१

छायाचित्रांचे तुकडे करून ते नव्या रचनेत जोडण्याच्या पद्धतीस फोटोमाँटाज म्हणतात. या रचनेत छापील कागद, तिकिटे, कापड, हाताने लिहिलेली अक्षरे अशा छायाचित्राबाहेरच्या वस्तूंचा शिरकाव झाला म्हणजे तिला कोलाजचे रूप येते. विद्यार्थ्यांच्या छायाचित्र-प्रकल्पांत या दोन्ही पद्धतींचा आश्रय वारंवार घेतला जातो. तथापि अशा प्रकल्पांची आखणी पाहिली तर तीत कॅमेरा, कागद, आकार, मांडणी व मुदत यांचा विचार पुष्कळ असतो. कशाला काय जोडावयाचे आणि ते कोणत्या आधारावर, हा प्रश्न मात्र शेवटच्या आठवड्यावर सोपविलेला असतो. वास्तविक हाच प्रश्न पहिला आहे. फोटोमाँटाजची सारी शक्ती आणि त्याचा सारा धोका, दोन्ही त्याच्या सांध्यात साठविलेली आहेत. प्रस्तुत लेखात या सांध्याचा विचार करावयाचा असून, त्यासाठी ठाणे जिल्ह्यातील कसारा आणि भोवतालचा शहापूर-मुरबाडचा प्रदेश उदाहरणादाखल घेतला आहे.

हा प्रदेश निवडण्यास कारण आहे. कसारा हे स्वतःच एक सांध्याचे ठिकाण आहे. मुंबईपासून सुमारे १२० किलोमीटरवर उपनगरी गाडी येथे संपते आणि थळघाट सुरू होतो. घाटातील चढ ३७ स घातलेला १ असा असल्यामुळे वर जाणाऱ्या गाड्यांना येथे मागून जादा इंजिने लावावी लागतात. कोकण आणि देश, नोकरीचे शहर आणि नाचणी-भाताचे रान, धरणाचे पाणी आणि कोरडी विहीर ही येथे एकमेकांस लागून उभी आहेत. अशा ठिकाणी जोडचित्र करण्याचा मोह होणे साहजिक आहे. आणि म्हणूनच तो तपासून घेणे अवश्य आहे.

२

आपल्याकडे जोडचित्राचा इतिहास युरोपातील विसाव्या शतकाच्या चळवळींपासून सुरू होतो, अशी समजूत आढळते. ती बरोबर नाही. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या सभासदांत विल्यम जॉन्सन नावाचा एक सरकारी नोकर होता. ‘द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’ हा त्याचा ग्रंथ १८६३ व १८६६ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. मुंबईचे रहिवासी आणि मुंबईत येणारे-जाणारे यांचे जातवार व जमातवार दर्शन घडवावे, असा त्याचा हेतू होता. या ग्रंथातील चित्रे जोडचित्रे आहेत. माणसांच्या आकृती एकीकडे, साध्या पार्श्वभूमीवर टिपलेल्या. देऊळ, रस्ता, झाडी वा किनारा यांची दृश्ये दुसरीकडे टिपलेली. आणि दोन्हींचा मिलाफ करून एकच छापील चित्र सिद्ध केलेले. यांतील काही आकृती तर १८५६ ते १८५८ या काळात निघालेल्या ‘द इंडियन अॅमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम’ या मालिकेत आधी येऊन गेल्या होत्या.

या खटपटीचे तांत्रिक कारण समजण्यासारखे आहे. त्या काळी कोलोडियनने ओली केलेली काच वाळण्यापूर्वीच चित्र घेऊन धुवावी लागे. माणसास कित्येक सेकंद निश्चल राहावे लागे, आणि ते सावरलेल्या उजेडात अधिक साधे. एकाच काचेवर माणूस आणि देखावा दोन्ही नीट उतरविणे अवघड होते. इंग्लंडमध्ये रेलँडरने १८५७ साली तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच चित्र केले होते; तेव्हा जॉन्सनने केले ते त्या काळाच्या रीतीला धरूनच होते.

परंतु तांत्रिक कारणाने कृतीचा अर्थ संपत नाही. रेलँडरचे चित्र उघड उघड रूपक होते. जॉन्सनचे चित्र माहिती म्हणून पुढे आले. माणसाला त्याच्या ठिकाणापासून कापून घ्यावयाचे, त्याला जमातीचा नमुना ठरवावयाचे, आणि मग ग्रंथकाराने निवडलेल्या ठिकाणी त्याला उभे करावयाचे, हा येथील क्रम आहे. सांधा लपविला गेल्यामुळे, हा माणूस येथेच राहतो व असाच उभा असतो, असा भास निर्माण होतो. पुढे १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले आणि माणसांकडे नमुना म्हणून पाहण्याच्या या दृष्टीला सरकारी शिक्का मिळाला.

जॉन्सनच्या ग्रंथाची वर्षे कसाऱ्याच्या इतिहासाशी जुळतात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. लोहमार्ग १८६१ च्या आरंभी कसाऱ्यास पोहोचला आणि १८६५ मध्ये घाट चढून इगतपुरीस गेला. मुंबईच्या अभ्यासकाला ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांच्या वस्त्या एका दिवसाच्या प्रवासात आल्या त्या याच वर्षांत. आज विद्यार्थी सकाळच्या गाडीने कसाऱ्यास उतरतो आणि संध्याकाळी परततो, तेव्हा तो त्याच मार्गाने जातो. जॉन्सनच्याच दृष्टीने त्याने जावे काय, हा प्रश्न आहे.

३

यावर सहज सुचणारे उत्तर असे, की सांधा लपवू नये. तो उघडा ठेवावा. कात्रीची कड दिसू द्यावी, डिंकाचा सुरकुतलेला कागद तसाच राहू द्यावा. हान्ना ह्योख हिने १९१९ मध्ये बर्लिनमध्ये केलेल्या जोडचित्रात कापल्याच्या खुणा अशाच उघड्या आहेत. आपल्याकडील गोधडीही हेच सांगते. तिच्यातला प्रत्येक तुकडा कोणाच्या लुगड्याचा, हे घरातल्यांना ओळखता येते, आणि टाके झाकण्याचा कोणी प्रयत्न करीत नाही.

हे उत्तर बरेचसे खरे आहे, पण पुरते नव्हे. जॉन हार्टफील्डचे १९३२ मधील सुप्रसिद्ध चित्र पाहावे. त्यात हिटलरच्या देहात क्ष-किरण चित्राप्रमाणे बरगड्या दिसतात आणि कण्याच्या जागी नाण्यांची चळत आहे. येथे सांधा कसोशीने पुसलेला आहे, पण त्यामुळे कोणीही फसत नाही. कारण नाण्यांचा कणा असू शकत नाही, हे पाहणारा जाणतो. विवान सुंदरम यांनी २००१-०२ मध्ये ‘री-टेक ऑफ अमृता’ ही चित्रमाला केली. तीत त्यांचे आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी काढलेली घरगुती छायाचित्रे संगणकाच्या साह्याने एकत्र आणली आहेत. तेथेही सांधा डोळ्यांना दिसत नाही. मात्र चित्रमालेचे नावच हे पुन्हा घेतलेले चित्र असल्याचे सांगते.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. खेड्यापाड्यांतील कित्येक घरांत एक तसबीर असते. तीत नवरा आणि बायको शेजारी बसलेली दिसतात, परंतु दोघांची छायाचित्रे निरनिराळ्या वेळची असतात. एकाच्या मृत्यूनंतर स्टुडिओवाल्याकडून ती जोडून घेतलेली असतात. जोड बेमालूम असतो. तरीही त्या घरात कोणाची फसवणूक होत नाही, कारण तो जोड घराला ठाऊक असतो, घराच्याच इच्छेने झालेला असतो, आणि चित्रातील माणसे घराचीच असतात.

तेव्हा कसोटी थोडी बदलून मांडली पाहिजे. सांधा डोळ्यांना दिसतो की नाही, हा प्रश्न दुय्यम होय. तो पाहणाऱ्याला कळतो काय, आणि चित्रातील माणसाला मान्य आहे काय, हे दोन प्रश्न मुख्य आहेत. जॉन्सनचा ग्रंथ या दोन्ही ठिकाणी उणा पडतो. आज संगणकावर सांधा पुसणे क्षणाचे काम झाले आहे आणि मुळात कधीच नसलेले माणूस वा दृश्यही यंत्राकडून करवून घेता येते. त्यामुळे ही कसोटी पूर्वीपेक्षा अधिक निकडीची झाली आहे.

४

आता कसाऱ्याकडे वळू. या प्रदेशावर जोडचित्र करावयाचे म्हटले की एक कल्पना हटकून सुचते. शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईस जाते, आणि आज मुंबईला सर्वांत अधिक पाणी भातसा पुरविते. त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तेव्हा एका बाजूस मुंबईतला वाहता नळ आणि दुसऱ्या बाजूस डोक्यावर हंडे घेतलेली आदिवासी स्त्री, असे चित्र जुळविले की काम झाले, असे वाटते.

ही विषमता खरी आहे. चित्र मात्र दुबळे आहे. ते एका दृष्टिक्षेपात कळते आणि त्याच क्षणी संपते. पाहणारा हळहळतो, पण त्याला नवे काही कळत नाही. याहून गंभीर आक्षेप असा, की त्या स्त्रीचे नाव, पाडा, विहीर व दिवस यांपैकी काहीच चित्रात उरत नाही. ती पुन्हा एकदा नमुना झाली. जॉन्सनने जे वर्गीकरणासाठी केले, तेच आपण सहानुभूतीपोटी करतो. हेतू उदात्त असला म्हणजे पद्धत निर्दोष होते, असे नाही.

येथे एक नियम सुचवावासा वाटतो. ज्या दोन गोष्टींना प्रत्यक्षात जोडणारा दुवा आपल्याला दाखविता येतो किंवा निदान नावाने सांगता येतो, त्याच दोन गोष्टी चित्रात जोडाव्यात. नळ आणि हंडा यांमधला दुवा म्हणजे शहापुरातून मुंबईकडे जाणारी जलवाहिनी. ती कोणत्या गावाजवळून जाते, तिच्या बाजूने कोण चालते, तिच्यापासून पाड्याची विहीर किती पावलांवर आहे, हे टिपले म्हणजे चित्र घोषणेपुरते न राहता पुरावा होऊ लागते. पावसाळ्यात रानभाज्या घेऊन गाडीने शहराकडे विकावयास जाणाऱ्या बायका आणि त्या भाज्यांचे रान, यांमधला दुवा लोहमार्ग होय. त्यांचे तिकीट हा कोलाजात चिकटविण्याजोगा खराखुरा कागद आहे. धरणाखाली जमीन गेलेल्या कुटुंबाचा सातबारा हाही तसाच कागद होय. अर्थात त्याची नक्कल वापरावी, मूळ कागदास हात लावू नये.

काही दुवे दिसत नाहीत. दिवाळीनंतर पुष्कळ कातकरी कुटुंबे घर बंद करून वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांचे बंद घर आणि भट्टीवरची झोपडी यांना जोडते ती आगाऊ घेतलेली उचल. हा व्यवहार बहुधा तोंडी असतो. त्याचा फोटो निघत नाही. अशा वेळी दोन चित्रे एकमेकांस भिडविण्याऐवजी त्यांमध्ये कोऱ्या कागदाची पट्टी सोडावी, आणि कुटुंबाने सांगितले तेवढेच तिच्यावर लिहावे. पोकळी हाही एक सांधाच आहे, आणि कित्येकदा तोच सर्वांत खरा असतो.

५

या विवेचनातून आखणीचे काही मुद्दे निघतात.

पहिला मुद्दा काळाचा. एका दिवसाच्या सहलीत कसाऱ्याचे जोडचित्र होणार नाही. शैक्षणिक वर्षाचा उपयोग येथे चांगला होतो : आषाढात आवणी, कार्तिकाच्या सुमारास भाताची कापणी व झोडणी, त्यानंतर रिकामी होणारी घरे, आणि फाल्गुन-चैत्रात राब भाजणे व पाण्याची टंचाई. निवडक तीन-चार जागा ठरवून त्याच जागेवरून या चारही वेळी चित्र घ्यावे. तिकाटणे उभे करण्याच्या जागी दगडाची खूण करावी. कॅमेऱ्याची उंची, दिशा, भिंग आणि दिवसाचा प्रहर वहीत नोंदवावा. घाटापलीकडच्या नाशिक जिल्ह्यातले दादासाहेब फाळके यांनी कुंडीतल्या अंकुराची वाढ एकाच जागेवरून रोज टिपून पडद्यावर दाखविली होती. धीराने पाहण्याचा तो धडा येथेही लागू आहे. अशा चित्रांच्या जोडणीत दोन ऋतूंमधली रेघ सरळ व उघडी ठेवावी, रंग मिसळून ती विरघळवू नये.

दुसरा मुद्दा नोंदीचा. प्रत्येक तुकड्यामागे स्थळ, तिथी आणि छायाचित्रकाराचे नाव लिहावे, व प्रदर्शनात जोडचित्राशेजारी तुकड्यांचा लहान नकाशा लावावा. पाहणाऱ्याला सांधा कळण्याचा हा साधा मार्ग आहे. दुसऱ्याच्या आल्बमातून वा वृत्तपत्रातून घेतलेला तुकडा असल्यास तसे स्पष्ट म्हणावे.

तिसरा मुद्दा संमतीचा, आणि तो सर्वांत नाजूक आहे. फोटो काढण्यास मिळालेली परवानगी ही तो कापण्याची परवानगी नव्हे. चेहऱ्यावरून कात्री फिरणार असेल, किंवा माणूस त्याच्या अंगणातून उचलून दुसरीकडे ठेवला जाणार असेल, तर कच्ची जोडणी घेऊन त्याच्याकडे परत गेले पाहिजे. तो नको म्हणाला तर तो तुकडा गाळावा. जोडणी त्यानेच बदलून सुचविली, तर तो प्रकल्पाचा लाभच समजावा. तसबीर जोडून घेणाऱ्या घरांना या कलेची जाण आपल्याहून जुनी आहे. अखेरीस एक प्रत त्या घरी पोहोचवावी, आणि पहिले प्रदर्शन विद्यापीठाच्या दालनात न भरविता कसारा, शहापूर किंवा मुरबाड येथे भरवावे. चित्रातील माणसे पाहणारी झाली, की नमुना आणि माणूस यांतील फरक चित्रकाराला कोणी समजावून सांगावा लागत नाही.

या अटींनी कल्पकतेला आळा बसेल, अशी शंका घेतली जाईल. ती अगदीच निराधार नाही; काही झटकन सुचलेली, आकर्षक चित्रे या अटींमुळे टाकून द्यावी लागतील. परंतु जोडचित्रात कल्पकता दोन दूरच्या वस्तू एकत्र आणण्यात जितकी असते, त्याहून अधिक त्यांच्यातले खरे नाते ओळखण्यात असते. जॉन्सनजवळ कौशल्याची वाण नव्हती. ज्यांना त्याने चित्रात उभे केले, त्यांना त्या चित्राविषयी काही म्हणावयाचे असेल, ही कल्पना त्याच्या पद्धतीत नव्हती. कसाऱ्याच्या फलाटावर कॅमेरा घेऊन उतरणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या आखणीच्या वहीत पहिले पान त्यासाठी राखून ठेवावे.