आतल्या थरांचं काम

लाकडी होडीपुढे उभं राहिलं की माणसं फळ्यांचे सांधे पाहतात, खिळ्यांच्या रांगा पाहतात, सुताराचा हात ओळखू पाहतात. फायबरच्या बोटीकडे कुणी तसं पाहत नाही. प्लॅस्टिकची आहे, साच्यातून काढली आहे, तिच्यात कसली आली कारागिरी, असं म्हणून पुढे जातात. बडोद्यात कारेलीबागेत आमच्या शेजारच्या काकांनी एक जुनी मोटरबोट अंगणात आणून दुरुस्तीला घेतली. ते काम मी पहिल्यापासून जवळून पाहत आलो आहे, आणि ते एक नीट वाचण्याजोगं काम आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

बोट चौदा फुटी, उघडी, मागे इंजिन अडकवायची. बनवणाऱ्याची पट्टी केव्हाच निघून गेलेली. म्हणजे ही अनाम माणसांची कृती. त्यांचा हात शोधायचा तर फायबरची बोट बनते कशी, हे आधी ध्यानात घ्यावं लागतं. साच्याला आतून मेण लावून घासतात आणि त्यावर जेलकोट, म्हणजे रंगीत रेझिनचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा थर देतात. पाण्यावर जो चकचकीत रंग दिसतो तो हाच, आणि तो सगळ्यात आधी लागतो. त्यामागून काचतंतूंची मॅट, मग जाड विणीचं रोव्हिंग, पुन्हा मॅट. प्रत्येक थर रेझिनमध्ये भिजवून रोलरने दाबलेला. कारागीर सतत आतल्या अंगाने काम करतो. आपण काय घडवतो आहोत त्याचं दर्शनी रूप त्याला साच्यातून कवच सुटेपर्यंत दिसत नाही. चित्रकाराचा शेवटचा हात पृष्ठभागावर फिरतो. इथे पृष्ठभाग आधीच ठरून गेलेला असतो, आणि पुढची सगळी मेहनत न दिसणाऱ्या भागावर होते. या माध्यमाचा रस मला इथे सापडतो.

दुरुस्ती करणाऱ्याला हे थर उलट्या क्रमाने उलगडायचे असतात आणि सुलट क्रमाने पुन्हा भरायचे असतात. त्यामुळे ग्राइंडरला हात लावण्याआधी वाचन आलं. काकांनी पहिले काही दिवस नुसती बोट ठोकली. हातात लहानशी हातोडी, कान तळाशी लावलेला. धड जागी आवाज टणक येतो. जिथे थर एकमेकांपासून सुटले आहेत किंवा आतलं लाकूड कुजलं आहे तिथे तो बसका होतो. बसक्या आवाजाच्या जागा खडूने घेरत गेल्यावर तळावर एक नकाशाच उमटला. मी मध्येच विचारलं, "काका, कापायला कधी घेणार?" ते म्हणाले, "अरे, आधी ऐकून तर घेऊ."

भेगाही तितक्याच बोलक्या असतात. एका बिंदूपासून चहूकडे पसरलेल्या बारीक रेघा म्हणजे तिथे कधी तरी आपट बसलेली. समांतर रेघा असतील तर तो भाग वापरात पुन्हा पुन्हा वाकत होता, खालचा आधार कमी पडत होता. वरून पुट्टी भरून असली भेग थांबत नाही. दोर बांधायच्या खुंटीच्या मुळातून निघालेल्या रेघा ओढ कुठून बसत होती ते दाखवतात. तळाला आलेले फोड हा आणखी एक पाठ. वर्षानुवर्षं पाण्यात उभ्या राहिलेल्या बोटीच्या जेलकोटमधून पाणी आत झिरपतं, थरांतल्या रसायनांशी मिसळतं आणि फोड येतो. गोड्या पाण्यात हे खाऱ्या पाण्यापेक्षा लवकर होतं. फोड टोचला की आतल्या द्रवाला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. या बोटीला तो आला. बोट वर्षानुवर्षं पाण्यात उभी होती, हे त्या वासाने कागदपत्रांशिवाय सांगितलं.

सगळ्यात गंभीर मजकूर ट्रान्सममध्ये होता. ट्रान्सम म्हणजे इंजिन ज्यावर लटकतं ती मागची भिंत. तिच्या दोन कवचांमध्ये प्लायवुड भरलेलं असतं, आणि इंजिनाच्या बोल्टांची भोकं नीट बंद केलेली नसली की तिथूनच पाणी शिरतं. काकांनी आतून बारीक ड्रिल मारून भुसा तळहातावर घेतला. वरचा भुसा फिका, कोरडा. खाली येता येता तो काळा, ओला, बोटांनी चुरगळणारा झाला. मग त्यांनी बाहेरचं कवच तसंच ठेवून आतलं कवच कापून काढलं, कुजलेलं लाकूड खरवडलं आणि आयएस ७१० मानकाचं मरीन प्लायवुड बसवलं. बाहेरून पाहणाऱ्याला काही बदललं आहे, हे कळणारही नाही. मूळ कारागिराने पहिल्यांदा दिलेला थर शाबूत राहिला आणि त्याच्या पाठीमागचं सगळं काम पुन्हा त्याच्याच दिशेने झालं. या निर्णयात मला मूळ कृतीबद्दलचा आदर दिसतो. नवा ट्रान्सम बाहेरून चिकटवणं सोपं होतं.

जोड देताना कापलेल्या जागेची कड काटकोनात ठेवत नाहीत, उताराची करतात. नियम बारास एकचा: पाच मिलिमीटर जाडीला साठ मिलिमीटरचा उतार. जुन्या, पक्क्या झालेल्या पॉलिएस्टरवर नवं रेझिन रासायनिकदृष्ट्या फारसं एकजीव होत नाही, ते घासून खरखरीत केलेल्या पृष्ठभागाला धरून राहतं. म्हणून धरायला जागा भरपूर हवी. हे घासकाम कुणालाही नकोसं वाटावं असं आहे. काचेची धूळ कातडीत रुतते, फुप्फुसांना घातक असते. चांगला मास्क आणि पूर्ण बाह्या यांत तडजोड नाही.

आणि मग मॅट भिजवण्याची वेळ. बडोद्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि हार्डनर घातलेलं रेझिन मगातच तापून घट्ट होतं, म्हणून हे काम पहाटे. रेझिनमध्ये कोबाल्टचा अॅक्सिलरेटर आधी नीट ढवळून घ्यायचा आणि हार्डनर अगदी शेवटी, एक-दोन टक्के. दोन्ही थेट एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो. कोरडी मॅट पांढरी, ताठ, बंडखोर असते. ब्रशने रेझिन टिपत गेलं की तिच्यातले तंतू बांधून ठेवणारा बाइंडर विरघळतो, ती सैल होऊन वळणात बसते, आणि पाहता पाहता पांढरेपणा नाहीसा होतो. काच आणि रेझिन प्रकाशाला जवळपास सारखंच वळवतात, त्यामुळे तंतू दिसेनासे होतात आणि खालचा थर स्वच्छ दिसू लागतो. जिथे पांढरा ठिपका उरला तिथे हवा अडकली. खाचांचा रोलर त्या ठिपक्यामागे लागतो, त्याला कडेपर्यंत ढकलत नेतो. या कामातली चूक लपत नाही, पुढचा थर पडेपर्यंत ती डोळ्यांसमोर असते. नंतर मात्र कायमची झाकली जाते. कारागिराचा प्रामाणिकपणा तपासायला एवढाच वेळ मिळतो.

साचा आणि रसायन यांचं बडोद्याला नातं जुनं आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केलं ते रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने. दादासाहेब फाळके तिथे शिकले. १९५० मध्ये निघालेल्या इथल्या विद्यापीठाच्या ललित कला शाखेत शिल्पकार रवींदर रेड्डी घडले, आणि त्यांची सोनेरी, टक्क डोळ्यांची भव्य शिरं याच रेझिन-फायबरची आहेत. त्या शिरांसमोर प्लॅस्टिक म्हणून नाक मुरडायची कुणाची छाती होत नाही. बोटींचंच उदाहरण घ्यायचं तर गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली 'म्हादेई' ही नौका लाकडी गाभ्यावर काचतंतूंचं कवच चढवलेली. तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. अंगणातल्या चौदा फुटी बोटीचं गोत्र हेच आहे.

एका गोष्टीबद्दल काकांचं खास कौतुक करावंसं वाटतं. बाहेरून त्यांनी जेलकोट आरशासारखा केला, पण आतून फक्त पातळ करडा रंग दिला. रोव्हिंगची चौकट वीण आणि नव्या तुकड्यांच्या कडा त्यातून स्पष्ट दिसतात. काही जणांना हे अर्धवट वाटलं. मला ते बरोबर वाटतं. आतली बाजू हेच कारागिराचं हस्ताक्षर; ते गुळगुळीत करून पुसायचं कशाला? शिवाय उद्या भेग पडली तर ती लगेच दिसेल.

बैठकीखालचा जुना फोम पाणी पिऊन जड झाला होता. तो उपसून बंद पेशींचा नवा भरला आहे, म्हणजे बोट पाण्याने भरली तरी बुडणार नाही. आणि ट्रान्समच्या आतल्या बाजूला, बसणाऱ्याच्या नजरेसमोर, ठळक गुजरातीत रंगवलं आहे: चार माणसं. या शहरात तो मजकूर नुसता नियम म्हणून वाचता येत नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी इथल्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका बुडून गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसवली होती, लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर नव्हती. बोटीच्या रूपाचं कौतुक करणाऱ्याने तिच्या भाराचा हिशेब सोडला, तर ते रसग्रहण अपुरं आहे.

सर्वेक्षण आणि नोंदणी झाल्याशिवाय बोट पाण्यात उतरणार नाही. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे यंत्रावर चालणाऱ्या बोटीला ही दोन्ही लागतात. तुम्ही कुठल्याही तलावावर मुलांना घेऊन गेलात, तर बसण्याआधी क्षमतेचा आकडा कुठे लिहिला आहे ते विचारा, डोकी मोजा आणि प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट बांधलेलं पाहा. आकडा लिहिलेला नसेल तर त्या बोटीत बसू नका.