निवडीचे औचित्य : ‘मॅजिक: द गॅदरिंग’मधील स्पर्धात्मक डेकरचनेची समीक्षा

प्रास्ताविक

पत्त्यांचा खेळ म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर ५२ पत्त्यांचा कॅट येतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात पत्ते १२० असले तरी तत्त्व तेच आहे. पत्त्यांचा संच सर्वांसाठी एकच आणि पूर्वनिश्चित असतो. हाती आलेली पाने कशी खेळावीत, यात कौशल्य असते. अमेरिकेत १९९३ साली ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळाने हे तत्त्व बदलले. गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेल्या या खेळात प्रत्येक खेळाडू उपलब्ध असलेल्या हजारो पत्त्यांतून स्वतःचा संच, म्हणजे ‘डेक’, बांधून आणतो. साहजिकच डावाचा मोठा भाग पत्ते पिसण्यापूर्वीच घडलेला असतो.

अशा डेकची गुणवत्ता कशी ठरवावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. उत्तम पत्ते एकत्र केले की उत्तम डेक तयार होतो, ही सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी असल्याचे येथे दाखवावयाचे आहे. त्यासाठी अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्य क्षेमेंद्र यांचा औचित्यविचार उपयोगी पडतो. मेखला गळ्यात आणि हार कमरेला घातला तर दागिने अस्सल असूनही शोभा न येता हसे होते, हा त्यांचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. खेळाला काव्याचा दर्जा द्यावा, असा येथे हेतू नाही. तथापि घटकाचे मूल्य घटकात असते की रचनेत, हा प्रश्न दोन्ही क्षेत्रांत सारखाच आहे.

मर्यादेचे गणित

डावात प्रत्येक खेळाडूकडे आरंभी २० प्राणांक आणि हाती सात पत्ते असतात. पत्ता खेळण्यासाठी ‘मॅना’ ही शक्ती लागते. ती मुख्यतः भूमीच्या पत्त्यांतून मिळते आणि एका पाळीत सामान्यतः एकच भूमी मांडता येते. प्रारंभी एखाद्या पत्त्याच्या किती प्रती घ्याव्यात याला बंधन नव्हते. १९९४ मध्ये स्पर्धांसाठी किमान ६० पत्ते आणि मूलभूत भूमी वगळता एका पत्त्याच्या कमाल चार प्रती, असा नियम झाला.

या नियमातील ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जास्त पत्ते घेण्यास मनाई नसूनही मुरलेला खेळाडू बहुधा साठाच्या पुढे जात नाही. त्याचे कारण संभाव्यतेत आहे. साठ पत्त्यांच्या डेकमध्ये चार प्रती असलेला पत्ता पहिल्या सात पत्त्यांत किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. डेक ८० पत्त्यांचा केला तर ती सुमारे ३१ टक्क्यांवर येते. म्हणजेच एकसष्टावा पत्ता कितीही चांगला असला, तरी तो आधीच्या साठांना थोडे थोडे मागे ढकलतो. नवशिका आवडलेला पत्ता डेकमध्ये घालतो, जाणकार आवडलेला पत्ता काढून ठेवतो. डेकरचना ही मूलतः त्यागाची कला आहे, असे म्हणता येईल.

दोषाचे गुणात रूपांतर

औचित्याचे एक ठळक उदाहरण १९९६ मध्ये मिळते. जे श्नायडर यांनी आखलेला आणि पॉल स्लाय यांनी अटलांटा येथील पात्रता स्पर्धेत खेळलेला लाल रंगाचा डेक पुढे ‘स्लाय’ याच नावाने ओळखला गेला. त्यात ‘आयर्नक्लॉ ऑर्क्स’सारखे पत्ते होते. दोन मॅना खर्चून येणाऱ्या या पत्त्यातील प्राण्याचे बळ दोन; मात्र दोन किंवा अधिक बळाच्या प्राण्याला तो अडवू शकत नाही. सुटा पाहिला तर हा पत्ता सदोषच ठरतो.

परंतु श्नायडर यांची दृष्टी पत्त्यावर नसून पाळ्यांच्या क्रमावर होती. पहिल्या पाळीपासून उपलब्ध मॅना पुरेपूर वापरला जावा, यासाठी कमी खर्चाचे पत्ते मोठ्या प्रमाणात आणि जास्त खर्चाचे मोजकेच घ्यावेत, असा तो आराखडा होता. या चढउताराला पुढे ‘मॅना कर्व्ह’ ही संज्ञा रूढ झाली. अशा सतत चाल करणाऱ्या डेकला बचाव फारसा करायचाच नसतो. जो अडवायला थांबणार नाही, त्याला अडवता येत नाही हे उणे कसे ठरावे? पत्त्यावर छापलेला दोष रचनेत जवळजवळ विरून जातो.

अल्पतेचे सामर्थ्य

याच्या अगदी उलट वृत्तीची रचना म्हणजे ब्रायन वाइसमन यांचा १९९० च्या दशकाच्या मध्यातील, ‘द डेक’ याच नावाने प्रसिद्ध झालेला संच. प्रतिस्पर्ध्याचे मंत्र निष्फळ करणे, त्याच्या हातातील पत्ते संपवणे आणि स्वतःकडे सतत अधिक पत्ते राखणे, हे त्याचे सूत्र होते. डाव जिंकून देणारे पत्ते त्यात मोजकेच, मुख्यतः ‘सेरा एंजल’च्या दोन प्रती. ‘मोट’ हा पत्ता न उडणाऱ्या प्राण्यांना चाल करू देत नाही. उडणाऱ्या एंजलला मात्र ती अडचण नाही.

येथे एंजल फक्त दोन असणे ही उणीव नसून युक्ती आहे. प्राणी मारण्यासाठी प्रतिस्पर्ध्याने आणलेले पत्ते लक्ष्याअभावी त्याच्या हातात पडून राहतात. पाच मॅनाची सेरा एंजल स्लायच्या डेकमध्ये मात्र गळ्यातली मेखला ठरली असती. दोन्ही रचना यशस्वी आहेत. परंतु एकीचे घटक दुसरीत घालता येत नाहीत. रचनेबाहेर ‘चांगला पत्ता’ ही संकल्पना अर्थहीन नसली तरी अपुरी आहे.

औचित्यविचाराची मर्यादा

काव्य आणि डेक यांत एक मूलभूत भेद आहे. काव्याला प्रतिस्पर्धी नसतो. डेकचे औचित्य समोर कोणते डेक येतील, या अंदाजावरही अवलंबून असते. म्हणूनच सामन्यातील पहिल्या डावानंतर बदलण्यासाठी १५ पत्त्यांपर्यंतचा ‘साइडबोर्ड’ ठेवण्याची मुभा असते. आपल्या युक्तिवादावरील पूर्वपक्षाला खेळाडूने आधीच तयार ठेवलेले ते उत्तर होय. माइक फ्लोरेस यांनी १९९९ च्या आपल्या सुप्रसिद्ध लेखात याच्याही पुढचा मुद्दा मांडला. दोन सारख्या डेकांच्या लढतीत कोणी चाल करावी आणि कोणी तग धरावा, हे ओळखण्यात चूक झाली की डाव हातचा जातो. म्हणजे कागदावरची यादी हे डेकचे पूर्ण रूप नव्हे.

दुसरी मर्यादा सर्वत्र उचित ठरणाऱ्या पत्त्याची. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेला ‘ओको, थीफ ऑफ क्राउन्स’ हा पत्ता इतक्या निरनिराळ्या डेकांत शिरला की निवडीला अर्थच उरला नाही. दोन महिन्यांच्या आत ‘स्टँडर्ड’ या प्रकारात त्यावर बंदी आली. जो दागिना कोठेही शोभतो, तो औचित्याचा प्रश्नच पुसून टाकतो. या दृष्टीने पाहता बंदी ही केवळ शिक्षा नसून रचनेचा अवकाश परत मिळवून देणारी समीक्षा आहे.

अनुकरण आणि किंमत

यशस्वी डेकांच्या याद्या प्रसिद्ध होत असल्याने अनुकरणाचा आक्षेप नेहमी घेतला जातो. वरील विवेचनाच्या प्रकाशात तो फारसा टिकत नाही. यादी उतरवून घेता येते, पण पत्ता तेथे का आहे याची जाण उतरवता येत नाही. समोरचे डेक बदलले की ही जाण नसलेला खेळाडू उघडा पडतो.

खरा आक्षेप वेगळा आहे. पत्ते आत काय आहे हे न दिसणाऱ्या पाकिटांतून विकले जातात. दीर्घकाळ प्रचलित असलेल्या १५ पत्त्यांच्या पाकिटात दुर्मीळ पत्ता साधारणतः एकच असे. त्यातच १९९६ मध्ये कंपनीने काही जुने पत्ते पुन्हा न छापण्याचे वचन देणारी ‘रिझर्व्हड लिस्ट’ जाहीर केली. ‘अंडरग्राउंड सी’सारख्या दोन रंगांचा मॅना देणाऱ्या भूमी त्या यादीत आहेत. ‘लेगसी’ या प्रकारात अनेक डेकांचा पायाच अशा भूमींवर उभा असतो. तेव्हा उचित काय हे कळूनही ते हाती नसणे, ही अनेक खेळाडूंची स्थिती होते. बुद्धीची कसोटी म्हणून मिरवणाऱ्या स्पर्धेतील हे मोठे न्यून आहे. केवळ सामान्य श्रेणीत छापल्या गेलेल्या पत्त्यांच्या ‘पॉपर’ या प्रकाराला २०१९ मध्ये मिळालेली अधिकृत मान्यता या न्यूनावरील अंशतः उतारा होय.

निष्कर्ष

१. स्पर्धात्मक डेकरचनेत संग्रहापेक्षा त्याग निर्णायक ठरतो.
२. पत्त्याचे गुणदोष रचनेच्या हेतूनुसार बदलतात. स्लाय आणि ‘द डेक’ ही त्याची परस्परविरोधी, पण तितकीच समर्थ उदाहरणे आहेत.
३. डेकचे औचित्य प्रतिस्पर्धी आणि काळ यांच्याशी बांधलेले असल्याने ते कायमचे नसते.
४. निवडीचे स्वातंत्र्य हा या खेळाचा प्राण आहे. सर्वत्र चालणारा पत्ता आणि आवाक्याबाहेरची किंमत या दोन्ही गोष्टी त्यावरच घाला घालतात. पहिल्यावर बंदीचा उपाय लगेच होतो. दुसऱ्याबाबत तशी तत्परता दिसत नाही. या खेळाचे मूल्यमापन करताना ही तफावत नजरेआड करता येणार नाही.